युनिफ संचिका

युनिफ संचिका : दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या ‘फॅमिकॉम’ वर्गातील यंत्रांच्या खेळ-कॅसेटींमधील माहिती संगणकावर साठविण्याचा एक कालबाह्य संचिका-प्रकार. ‘युनिव्हर्सल एनईएस इमेज फॉरमॅट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून युनिफ हे नाव पडले असून एनईएस यंत्राच्या कॅसेटींच्या प्रतिमांचे सार्वत्रिक स्वरूप असा त्याचा अर्थ आहे. इ. स. २००० च्या सुमारास या प्रकाराचे विनिर्देश सातव्या आवृत्तीपर्यंत पोहोचले होते. पुढे अन्य संचिका-प्रकारांनी त्याची जागा घेतली. तथापि एका खेळयंत्रावर अनेक खेळ देणाऱ्या अनधिकृत कॅसेटींच्या अनेक प्रती प्रथम याच प्रकारात साठविल्या गेल्या. भारतात, विशेषतः नागपूरसारख्या शहरांत, ज्या कॅसेटींवर एका पिढीने खेळ खेळले त्या बहुतांशी याच जातीच्या होत्या. त्यामुळे या जुन्या संचिका वाचता येणे हे तांत्रिक कुतूहलापुरते मर्यादित राहत नाही.

पार्श्वभूमी : जपानमधील निन्टेंडो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ म्हणजेच फॅमिकॉम हे खेळयंत्र विक्रीस आणले. अमेरिकेत त्याची सुधारित आवृत्ती १९८५ पासून ‘एनईएस’ या नावाने विकली गेली. दोन्ही यंत्रांचे आंतरिक कार्य सारखेच असले, तरी फॅमिकॉमच्या कॅसेटीला ६० व एनईएसच्या कॅसेटीला ७२ विद्युत् संपर्क असतात.

भारतात रंगीत दूरचित्रवाणी प्रक्षेपणास १९८२ मध्ये प्रारंभ झाला व त्यानंतरच्या दशकात घरोघरी दूरचित्रवाणी संच आले. निन्टेंडोच्या यंत्राची अधिकृत विक्री भारतात ‘समुराई’ या नावाने काही काळ झाली. परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९० नंतरच्या दशकात तैवान व चीनमध्ये तयार होणाऱ्या स्वस्त अनुकृतियंत्रांनी ही उणीव भरून काढली. मूळ यंत्रातील दोन प्रमुख एकात्मीकृत मंडलांच्या नकला तैवानमधील कारखान्यांत तयार होत आणि त्यांवर आधारलेली यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जात. नागपुरात सीताबर्डीसारख्या बाजारपेठांतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतून ती घरोघरी पोहोचली. लोकव्यवहारात या यंत्राला ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि त्यात बसविण्याच्या प्लॅस्टिकच्या चपट्या पेटीला ‘कॅसेट’ म्हणत. ही कॅसेट ध्वनिफितीसारखी नसते. तिच्यात चुंबकीय फीत नसून मंडल फलकावर बसविलेली स्मृती असते. तरीही कॅसेट हाच शब्द रूढ झाल्याने येथेही तोच वापरला आहे.

यंत्र व कॅसेट यांचे कार्य : युनिफ संचिकेत काय आणि का नोंदले जाते हे समजण्यासाठी प्रथम यंत्राचे कार्य पाहणे आवश्यक आहे. फॅमिकॉमचा मध्यवर्ती प्रक्रियक आठ बिटांचा असून तो सेकंदाला सुमारे १७·९ लाख आवर्तने करतो. यंत्रात कार्यकारी स्मृती केवळ दोन किलोबाइट असते. प्रक्रियकाला एकूण ६५,५३६ पत्ते उपलब्ध असतात. त्यांपैकी वरचे ३२,७६८ पत्ते, म्हणजे ३२ किलोबाइट, कॅसेटीतील आज्ञावलीसाठी राखलेले असतात. चित्र निर्माण करणारा दुसरा प्रक्रियक स्वतंत्र असून त्याला कॅसेटीतील आठ किलोबाइट चित्रस्मृती दिसते. चित्रस्मृतीत आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच अशा लहान चौकटी साठविलेल्या असतात. प्रत्येक चौकटीला १६ बाइट लागत असल्याने आठ किलोबाइटमध्ये ५१२ चौकटी मावतात. पडद्यावर दिसणारे डोंगर, ढग, विटा व खेळाडूची आकृती ही सर्व या चौकटी एकमेकींशेजारी मांडून तयार होतात.

सुरुवातीचे खेळ या मर्यादेत बसत. उदा., सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ ३२ किलोबाइट आज्ञावली व ८ किलोबाइट चित्रे मिळून अवघ्या ४०,९६० बाइटांचा आहे. पुढे खेळ मोठे झाले. परंतु यंत्राला दिसणाऱ्या पत्त्यांची संख्या तीच राहिली. त्यावर उपाय म्हणून कॅसेटीतील मोठी स्मृती समान आकाराच्या कप्प्यांत विभागण्यात आली आणि कोणत्या क्षणी कोणता कप्पा यंत्राला दिसावा हे ठरविणारे मंडल कॅसेटीतच बसविण्यात आले. या मंडलाला मॅपर म्हणतात. एखाद्या लहान खिडकीमागे लांबलचक चित्रपट सरकवून त्याचा हवा तो भाग खिडकीत आणावा, तसे मॅपरचे कार्य असते. शेकडो प्रकारचे मॅपर वापरले गेले व प्रत्येकाची कप्पे बदलण्याची रीत वेगळी होती.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. कॅसेटीतील सर्व बाइट अचूक उतरवून घेतले, तरी केवळ त्यांवरून खेळ पुन्हा उभा करता येत नाही. यंत्र सुरू होताच प्रक्रियक ६५,५३२ व ६५,५३३ या पत्त्यांवरील दोन बाइट वाचून आज्ञावलीचा प्रारंभ कोठे आहे हे ठरवितो. त्या क्षणी खिडकीत चुकीचा कप्पा असेल, तर प्रारंभाचा पत्ताच चुकीचा मिळतो व पडदा कोरा राहतो. म्हणून स्मृतीतील मजकुराबरोबर मंडलाची जोडणी कशी होती याचीही नोंद ठेवावी लागते. ही नोंद ठेवणे हेच या वर्गातील संचिका-प्रकारांचे मुख्य प्रयोजन होय. वाकाटकांच्या ताम्रपटांवरील पेटिकाशीर्षक लिपी ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने ताम्रपटावर केवळ चौकोनी खुणा असतात. मंडलाची नोंद नसलेल्या बाइटांची स्थितीही तशीच असते.

बहुखेळी कॅसेटी : अनुकृतियंत्रांबरोबर मिळणाऱ्या कॅसेटींच्या वेष्टनावर ‘६४ इन १’, ‘९९९९ इन १’, प्रसंगी ‘९९९९९९९ इन १’ असे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात त्यांत थोडेच खेळ असत. सुरुवातीच्या सूचीत तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी किंवा वेगवेगळ्या पातळीपासून सुरू होतील अशा बेताने पुनःपुन्हा दिलेले असत. त्या खेळांवर मूळ निर्मात्यांचे हक्क असूनही त्यांची अनुमती घेतलेली नसे व मूळ कंपनीचे नाव बहुधा पुसलेले असे.

अशा कॅसेटींची तांत्रिक रचना स्वस्त, परंतु कल्पक होती. समजा, आज्ञावलीची स्मृती ५१२ किलोबाइट आहे. तर तिचे ३२ किलोबाइटचे १६ कप्पे होतात. सूची दाखविणारी छोटी आज्ञावली त्यांपैकी एका कप्प्यात असते. खेळाडूने खेळ निवडताच ही आज्ञावली विशिष्ट पत्त्यावर काहीतरी लिहिण्याचा आदेश देते. वाचनमात्र स्मृतीत काही लिहिले जात नाही; परंतु त्या पत्त्याचे काही अंक कॅसेटीतील एक साधे मंडल पकडून ठेवते व त्यानुसार कप्पा बदलतो. त्यानंतर निवडलेला खेळ आपण एकट्याच्याच कॅसेटीत आहोत असे समजून चालू होतो. पत्त्याचे कोणते अंक कशासाठी वापरायचे हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या सोयीने ठरविले. त्याचे कोणतेही दस्तऐवज प्रसिद्ध झाले नाहीत. खर्च वाचविण्यासाठी एकात्मीकृत मंडले आवरणाशिवाय फलकावर चिकटवून त्यांवर काळ्या राळेचा थेंब ओतलेला असे. त्यामुळे फलक पाहूनही आत काय आहे हे कळत नसे.

पूर्वीचा प्रकार व त्यातील दोष : फॅमिकॉमचे कार्य संगणकावर हुबेहूब घडवून आणणाऱ्या आज्ञावलींना अनुकारक आज्ञावली म्हणतात. १९९६ मध्ये ‘आयएनईएस’ या अनुकारकासाठी तयार झालेला संचिका-प्रकार सर्वांत रूढ झाला. त्याच्या आरंभी १६ बाइटांची शीर्षिका असते. पहिल्या चार बाइटांत ७८, ६९, ८३ व २६ हे अंक असतात; त्यांपैकी पहिले तीन एन, ई व एस या अक्षरांचे संकेतांक होत. पाचवा बाइट १६ किलोबाइटचे आज्ञावली-कप्पे किती हे सांगतो आणि सहावा आठ किलोबाइटचे चित्रकप्पे किती ते सांगतो. सातव्या बाइटाच्या अर्ध्या भागात मॅपरचा क्रमांक असतो. प्रारंभी उरलेले बाइट रिकामे होते. अर्ध्या बाइटात सोळाच क्रमांक मावत असल्याने पुढे आठव्या बाइटाचा अर्धा भाग क्रमांकाच्या वरच्या अंकांसाठी वापरण्यात आला आणि क्रमांकांची संख्या २५६ झाली.

येथेच एक प्रसिद्ध घोटाळा झाला. रिकाम्या बाइटांचा उपयोग पुढे होईल याची कल्पना नसल्याने संचिका दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या साधनाने आठव्या ते सोळाव्या बाइटांत ‘डिस्कड्यूड’ हा इंग्रजी शब्द उद्गारचिन्हासह, नऊ अक्षरचिन्हांत, लिहून ठेवला होता. त्यातील पहिल्या अक्षराचा संकेतांक ६८ आहे. आठव्या बाइटाला नवा अर्थ मिळताच अनुकारक आज्ञावली या ६८ चा वरचा अर्धा भाग, म्हणजे ४, मॅपर-क्रमांकाचा भाग समजू लागल्या. परिणामी प्रत्येक बाधित संचिकेतील क्रमांक ६४ ने वाढला : शून्याचा ६४ झाला, एकाचा ६५ झाला व खेळ चालेनासे झाले. संचिकेतील खेळाचा एकही बाइट बिघडलेला नसताना केवळ नोंद चुकीची वाचली गेल्याने तो निरुपयोगी ठरला.

युनिफची रचना : वरील दोष टाळण्यासाठी युनिफमध्ये क्रमांकांऐवजी नावे व ठराविक जागांऐवजी स्वतंत्र खंड ही तत्त्वे स्वीकारण्यात आली. संचिकेच्या प्रारंभी ३२ बाइटांची शीर्षिका असते. पहिल्या चार बाइटांत ८५, ७८, ७३ व ७० हे यू, एन, आय व एफ या अक्षरांचे संकेतांक असतात. पुढील चार बाइटांत विनिर्देशाची आवृत्ती असते व उरलेले २४ बाइट राखीव असतात.

शीर्षिकेनंतर एकामागून एक खंड येतात. प्रत्येक खंडाचे तीन भाग असतात : चार अक्षरांचे नाव, चार बाइटांत लिहिलेली लांबी आणि तेवढ्या लांबीचा मजकूर. लांबी लिहिताना सर्वांत कमी किमतीचा बाइट प्रथम येतो. म्हणून ३२,७६८ ही लांबी ०, १२८, ०, ० अशी दिसते; कारण दुसऱ्या बाइटाची किंमत २५६ पट असते व १२८ × २५६ = ३२,७६८. एखाद्या खंडाचे नाव वाचणाऱ्या आज्ञावलीला अपरिचित असेल, तर ती लांबीइतके बाइट ओलांडून पुढील खंडाकडे जाते. त्यामुळे जुन्या आज्ञावली न बिघडवता नवे खंड वाढविता येतात, हा या रचनेचा मोठा गुण होय.

प्रमुख खंड पुढीलप्रमाणे आहेत. ‘एमएपीआर’ या खंडात मंडल फलकाचे नाव अक्षरांत असते व त्याच्या शेवटी शून्य असते. ‘पीआरजी०’ पासून पुढील खंडांत आज्ञावली आणि ‘सीएचआर०’ पासून पुढील खंडांत चित्रे असतात. प्रत्येकी सोळांपर्यंत खंड देता येतात. ‘पीसीके०’ व ‘सीसीके०’ पासूनच्या खंडांत त्या-त्या मजकुराचा तपासणी-अंक असतो. मजकुरातील सर्व बाइटांवर ठराविक गणिती क्रिया करून तो काढतात. एक बिट जरी बदलला तरी अंक बदलतो व बिघाड उघड होतो. ‘एमआयआरआर’ या एका बाइटाच्या खंडात प्रतिबिंबनाची रीत असते. पडद्याच्या चार काल्पनिक पानांसाठी यंत्रात दोनच पानांची स्मृती असल्याने उरलेली दोन पाने पहिल्या दोहोंची प्रतिबिंबे असतात. ती आडवी की उभी हे कॅसेटीतील जोडणी ठरविते. ‘बीएटीआर’ हा खंड कॅसेटीत विद्युत् घट असल्याचे दर्शवितो. ‘सीटीआरएल’ मध्ये नियंत्रकांची नोंद असते : साध्या नियंत्रकासाठी १ व प्रकाशबंदुकीसाठी २, दोन्ही चालत असल्यास बेरीज ३ लिहितात. ‘टीव्हीसीआय’ मध्ये दूरचित्रवाणीची पद्धती, ‘एनएएमई’ मध्ये खेळाचे नाव व ‘आरईएडी’ मध्ये टिपणे असतात. ‘डीआयएनएफ’ हा २०४ बाइटांचा खंड विशेष लक्षणीय आहे. त्यात कॅसेट उतरविणाऱ्याचे नाव १०० बाइटांत, दिवस व महिना प्रत्येकी एका बाइटात, वर्ष दोन बाइटांत आणि वापरलेल्या साधनाचे नाव १०० बाइटांत असते.

उदाहरणादाखल ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची लहानात लहान युनिफ संचिका पाहता येईल. शीर्षिका ३२ बाइट. ‘एचव्हीसी-एनआरओएम-२५६’ हे मूळ लिपीत १२ अक्षरचिन्हांचे फलकनाम, शेवटचे शून्य व खंडाचे आरंभीचे ८ बाइट मिळून २१. आज्ञावलीचा खंड ३२,७७६. चित्रांचा खंड ८,२०० आणि प्रतिबिंबनाचा खंड ९ बाइट. एकूण संचिका ४१,०३८ बाइटांची होते. आयएनईएस प्रकारात हाच खेळ ४०,९७६ बाइट घेतो. म्हणजे केवळ ६२ बाइट अधिक खर्चून युनिफमध्ये फलकाचे नाव स्पष्ट शब्दांत लिहिता येते.

फलकनामे : फलकाच्या नावाला उगमसूचक उपपद जोडण्याचा संकेत होता. ‘एनईएस’ व ‘एचव्हीसी’ ही उपपदे निन्टेंडोच्या अनुक्रमे पाश्चात्त्य व जपानी फलकांसाठी, ‘यूएनएल’ परवाना नसलेल्या निर्मात्यांच्या फलकांसाठी, ‘बीटीएल’ एकेका खेळाच्या चोरट्या प्रतींसाठी आणि ‘बीएमसी’ बहुखेळी चोरट्या कॅसेटींसाठी होते. अनामिक कारखान्यांच्या कॅसेटींना वर्गीकरणात रीतसर जागा मिळाली ती प्रामुख्याने युनिफमुळे. ‘नॉव्हेलडायमंड९९९९९९९इन१’ व ‘६४इन१नोरिपीट’ अशी नावे या वर्गात आढळतात. दुसऱ्या नावाचा अर्थ ‘पुनरावृत्ती नसलेले’ असा असून ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागावी, यावरूनच इतर कॅसेटींत पुनरावृत्ती किती सर्रास होती हे दिसते.

वाचनाची रीत : जुनी संचिका हाती आल्यास ती प्रथम बाइट दाखविणाऱ्या साधनात उघडतात. संचिकेच्या नावाच्या शेपटावर विसंबून न राहता पहिले चार बाइट तपासतात. ते ८५, ७८, ७३, ७० असल्यास तेहतिसाव्या बाइटापासून पहिल्या खंडाचे नाव सुरू होते. नावानंतरच्या चार बाइटांवरून लांबी काढून तेवढे अंतर ओलांडले की पुढील खंड मिळतो. अशा रीतीने शेवटच्या खंडाचा अंत संचिकेच्या अंताशी जुळला पाहिजे. न जुळल्यास संचिका अपुरी आहे असे समजावे. त्यानंतर आज्ञावलीचा तपासणी-अंक पुन्हा काढून नोंदलेल्या अंकाशी ताडून पाहतात. अखेरीस फलकनामावरून कप्पे बदलण्याची रीत शोधतात. या शेवटच्या पायरीलाच सर्वाधिक अडचण येते.

कालबाह्यतेची कारणे : नावे वापरण्याचे तत्त्व अधिकृत कॅसेटींच्या बाबतीत योग्य होते, कारण त्यांच्या फलकांवर नाव छापलेले असे. बहुखेळी कॅसेटींच्या फलकांवर मात्र बहुधा काहीच छापलेले नसे. त्यामुळे उतरविणाऱ्यांनी वेष्टनावरील आकडा किंवा खेळाचे नाव हेच फलकनाम म्हणून लिहिले. एकाच रचनेला अनेक नावे मिळाली. नुसत्या नावावरून मंडलाचे कार्य कळत नसल्याने प्रत्येक अनुकारक आज्ञावलीला नावांची वेगळी यादी बाळगावी लागे. यादीत नसलेले नाव आले की संचिका चालत नसे. शिवाय बहुसंख्य खेळ आधीच आयएनईएस प्रकारात उपलब्ध असल्याने वापरणाऱ्यांना बदलाची निकड भासली नाही.

२००६ मध्ये ‘एनईएस २·०’ हा सुधारित प्रकार सुचविण्यात आला. त्यात जुनी १६ बाइटांची शीर्षिकाच ठेवून रिकाम्या जागांचा काटेकोर उपयोग केला आहे. मॅपर-क्रमांक २५६ वरून ४,०९६ झाले व प्रत्येकाला १६ उपप्रकार मिळाले. हळूहळू युनिफमधील फलकनामांना या पद्धतीतील क्रमांक देण्यात आले. अनेक बहुखेळी कॅसेटींच्या वाट्याला २५६ च्या पुढचे क्रमांक आले. त्यानंतर नव्या कॅसेटींसाठी युनिफ वापरण्याचे कारण उरले नाही.

पाल पद्धती व भारतीय यंत्रे : युनिफची आणखी एक उणीव भारताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जपान व अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० आणि भारतातील पाल पद्धतीत ५० चित्रक्षेत्रे असतात. एनटीएससी यंत्रात मध्यवर्ती प्रक्रियकाच्या एका आवर्तनात चित्रप्रक्रियकाची तीन आवर्तने होतात. निन्टेंडोच्या अधिकृत पाल यंत्रात ३·२ होतात. पाल देशांसाठी बनलेल्या तैवानी अनुकृतियंत्रांत मात्र ५० चित्रक्षेत्रे देऊनही तीनाचे प्रमाण कायम ठेवण्यात आले. त्यामुळे जपानी खेळ त्यांवर बहुधा बिनचूक चालत. प्रक्रियकाचा वेग जवळजवळ तेवढाच, सेकंदाला सुमारे १७·७ लाख आवर्तने, असल्याने संगीताचे स्वर विशेष बदलत नसत. परंतु खेळाची गती चित्रक्षेत्रांवर अवलंबून असल्याने लय सुमारे एक षष्ठांशाने संथ होई. अशा यंत्रावर वाढलेल्या खेळाडूला मूळ जपानी खेळ विनाकारण घाईत असल्यासारखा वाटतो, याचे कारण हेच. युनिफच्या ‘टीव्हीसीआय’ खंडात एनटीएससी, पाल किंवा दोन्ही एवढेच तीन पर्याय होते. या तिसऱ्या जातीच्या यंत्राला त्यात स्थान नव्हते. एनईएस २·० मध्ये तिच्यासाठी चौथा पर्याय ठेवलेला आहे.

जतन व कायदा : कॅसेटींतील बहुतेक स्मृती कारखान्यातच कायमची कोरलेली असल्याने ती दीर्घकाळ टिकते. ज्यांत पुसून पुन्हा लिहिता येण्याजोगी स्मृती वापरली आहे, त्यांतील विद्युत् भार मात्र दशकांच्या काळात गळतो व उष्णतेने ही क्रिया वेग घेते. नागपुरात उन्हाळ्यात तापमान प्रसंगी ४५° से. च्या वर जाते. माळ्यावर किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेल्या जुन्या पेट्यांत ते त्याहूनही अधिक होते. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारण्याची सवय सर्वत्र होती. परंतु खरा उपयोग कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने होत असे आणि श्वासातील बाष्पामुळे संपर्क उलट गंजत. उतरविण्यापूर्वी असे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसून घेतात.

भारतात संगणकीय आज्ञावली प्रतिलिपी अधिकार कायदा, १९५७ च्या कक्षेत येतात. या कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आज्ञावलीची प्रत कायदेशीर रीत्या बाळगणाऱ्यास नाश वा हानी यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. तसेच आज्ञावलीमागील कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण व परीक्षणही करता येते. बहुखेळी कॅसेट मुळातच अनधिकृत प्रत असल्याने राखीव प्रतीची सवलत तिला सहज लागू होत नाही. साहजिकच अशा कॅसेटींचे जतन सार्वजनिक संस्थांपेक्षा हौशी व्यक्तींच्या हातून अधिक झाले. संचिका-प्रकाराच्या रचनेचा अभ्यास आणि संचिकेतील खेळाचे वितरण या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

महत्त्व : मूळ कंपन्यांच्या संग्रहांत अधिकृत खेळांची नोंद राहील, परंतु सूचीचे पडदे रचणारे, पातळ्या बदलून एका खेळाचे दहा करणारे आणि पत्त्याच्या अंकांतून स्वस्त मॅपर घडविणारे अनामिक कारागीर त्या नोंदींत असणार नाहीत. भारतीय घरांतील खेळांचा इतिहास बव्हंशी त्यांच्याच कॅसेटींचा इतिहास आहे. अशा कॅसेटीची युनिफ संचिका एनईएस २·० मध्ये रूपांतरित केली की खेळ चालतो. परंतु १६ बाइटांच्या शीर्षिकेत ‘एनएएमई’, ‘आरईएडी’ व ‘डीआयएनएफ’ या खंडांना जागा नसते. कॅसेट कोणी, कोणत्या दिवशी व कोणत्या साधनाने उतरविली आणि तिच्या वेष्टनावर काय लिहिले होते, ही माहिती रूपांतरात गळून जाते. खेळापुरता विचार केल्यास ती अनावश्यक आहे. वस्तू कोठून आली हे ठरविण्यासाठी मात्र पुष्कळदा तेवढाच पुरावा हाती असतो. म्हणून जतनाच्या दृष्टीने रूपांतरित प्रतीबरोबर मूळ युनिफ संचिकाही जशीच्या तशी ठेवणे आवश्यक ठरते.